ऑपरेशनआधी मॅमो, सोनो, एमआरआय, पेट... नेमकी कुठली तपासणी कशासाठी? (ब्रेस्ट कॅन्सर, नाशिक)

पळसफूल

मंडळी, मदत हवीये, आणि जमलं तर ही माहिती इथे एका जागी गोळाही करूया.

माझ्या मोठ्या नणंदेला (वय ४६, निफाडजवळ राहतात, आम्ही इंदिरानगरला) डाव्या बाजूला गाठ लागली. गंगापूर रोडला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली, मग सोनोत बघत बघत जाड सुईने तुकडा काढला. रिपोर्ट आला इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा (दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरलेला कॅन्सर), ग्रेड २, ईआर पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त नाही). मॅमोत गाठ २१ मिमी, सोनोत १७ मिमी. डेन्सिटी (ग्रंथींचा दाटपणा) 'सी' लिहिलंय. काखेतल्या लसिका गाठी सोनोत ठीक दिसल्या.

आता एक सर्जन म्हणतात एवढ्यावर ऑपरेशन करता येईल, गाठ काढू, स्तन वाचेल, नंतर रेडिएशन. दुसरे म्हणतात आधी एमआरआय करून घ्या. आणि नातेवाईक म्हणतात पेट स्कॅनच करून टाका म्हणजे सगळं अंग एकदाच बघून होईल. ताईंचे मिस्टर छाटणीच्या गडबडीतून फोन करतात आणि विचारतात "वहिनी, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा काय करायचं", आणि मी सांगणार काय, म्हणून जे जे डॉक्टर भेटले त्यांना विचारत सुटले, थोडं वाचलं, त्यातून जे समजलं ते लिहिते. जाणकारांनी भर घाला.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्सरे. प्रत्येक बाजूचे दोन फोटो काढतात, एक वरून खाली आणि एक तिरका, ज्यात काखेकडचा भाग येतो. दोन प्लेटांमध्ये दाबतात ते दुखतं, पण दाबल्याशिवाय आतले थर एकमेकांवरून बाजूला होत नाहीत. (जाताना काखेत पावडर, डिओ काही लावू नका, त्यातले कण फोटोत पांढरे ठिपके म्हणून दिसू शकतात. ताईंना तिथल्या बाईंनी आधी ओल्या कापडाने पुसायला लावलं होतं.) मॅमोची खरी ताकद म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण. गाठ हाताला लागायच्या आधीचा, दुधाच्या नळीतच असलेला कॅन्सर बऱ्याचदा फक्त या कणांवरूनच कळतो, आणि हे कण सोनोत नीट दिसत नाहीत. अडचण डेन्सिटीची. चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ग्रंथी दाट असल्या की गाठ शोधणं म्हणजे धुक्यात बगळा शोधणं. डेन्सिटी ए ते डी अशी चार पायऱ्यांत लिहितात, सी आणि डी म्हणजे दाट. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी होतो आणि तरुण वयात ग्रंथी दाट असतात, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच जणींना येणार.

थ्रीडी मॅमो, म्हणजे टोमोसिंथेसिस, याच्यात मशीन कमानीत फिरतं आणि पातळ पातळ थर वेगळे बघता येतात. एकावर एक आलेल्या ग्रंथींमुळे उगाच गाठ असल्यासारखं वाटतं ते याने बरंच कमी होतं.

सोनोग्राफीत गाठ भरीव आहे की पाण्याची ते लगेच कळतं, किरण नाहीत, काख बघता येते आणि तिथल्या तिथे सुई घालता येते. पण करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर खूप अवलंबून.

एमआरआयला हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देतात, कॅन्सरला रक्तपुरवठा जास्त असतो म्हणून तो भाग उजळतो. सगळ्यात जास्त पकडतो तो हाच, पण साध्या गोष्टीही पकडतो. आणि इथेच माझं घोडं अडलंय. जास्त दिसणं म्हणजे चांगलंच ना? मग पहिले सर्जन नको का म्हणतात? पैसे वाचवायचा प्रश्न नाही, ताईंचा स्तन वाचावा आणि पुन्हा पुन्हा टेबलवर जायला लागू नये एवढंच हवंय.

गोदाकाठ

ताई, वाचतेय. धीर धरा, ग्रेड २ आणि ईआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचाही उपयोग होतो. जाणकार येतीलच.

शेजारच्या_काकू_सिडको

आमच्या ओळखीत पेट केलं होतं, सगळं स्वच्छ कळलं. पेटच करा.

फिल्मवाली

मी रेडिओलॉजिस्ट आहे, नाशिकरोडला असते. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण तपासण्यांबद्दल सांगू शकते.

आधी पेट. त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध देतात आणि जिथे पेशी जास्त साखर खातात तो भाग चमकतो. आजार मोठा असेल, काखेत बऱ्याच गाठी असतील, हाडं दुखणं, धाप असली काही लक्षणं असतील तर पेट-सीटी फार कामाचं. पण छोटी गाठ, काख स्वच्छ, लक्षण काही नाही, अशा पहिल्या-दुसऱ्या स्टेजला आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये पेट सांगितलेलं नाही. त्या वेळी दूर कुठे आजार सापडायची शक्यता फार कमी, आणि जुनी सूज, टीबीची जुनी गाठसुद्धा चमकते. आपल्या भागात टीबी काही कमी नाही. मग त्या चमकलेल्या जागेची बायोप्सी, त्यात आठवडे जातात. शिवाय स्तनातली एक सेंटिमीटरच्या आतली गाठ पेटमधून निसटू शकते आणि लोब्युलर प्रकार (दूध तयार होणाऱ्या ग्रंथींतून सुरू होणारा) तर मोठा असला तरी फिका दिसतो. म्हणजे स्तनात नेमकं किती कापायचं हे पेटवरून ठरवत नाहीत.

आता २१ आणि १७. घाबरू नका, एवढा फरक येतो. मॅमोत फुटलेल्या कडा, काटे धरून मोजलं जातं, सोनोत बहुधा आकार कमी मोजला जातो. एमआरआयचं माप बऱ्याचदा पॅथॉलॉजीच्या जास्त जवळ जातं पण तोही कधी कधी जास्तच दाखवतो. फरक दुपटीचा असता, किंवा हाताला ५ सेंटिमीटर लागतंय आणि फोटोत २ दिसतंय असं असतं तर मी स्वतः एमआरआय सुचवला असता.

तुमचा मुख्य प्रश्न. जास्त दिसणं म्हणजे चांगलंच का? हे प्रत्यक्ष तपासून बघितलंय लोकांनी. ब्रिटनमध्ये कोमिस नावाची ट्रायल झाली, १६२३ बायका, निम्म्यांना ऑपरेशनआधी एमआरआय, निम्म्यांना नाही. २०१० साली निकाल छापून आला, पुन्हा ऑपरेशन करायला लागायचं प्रमाण दोन्हीकडे १९ टक्के. काहीच फरक नाही. नेदरलँड्सच्या मोनेट ट्रायलमध्ये, जिथे हाताला न लागणारे छोटे डाग होते, तिथे एमआरआय झालेल्यांमध्ये पुन्हा काढायला लागणं उलट वाढलं. आणि मग स्वीडनची पॉम्ब ट्रायल, २०१४, त्यात ५६ वर्षांच्या आतल्या ४४० बायका होत्या आणि तिथे मात्र एमआरआयने पुन्हा ऑपरेशन १५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. म्हणजे पहिले सर्जन नको म्हणतात त्यालाही आधार आहे, दुसरे करा म्हणतात त्यालाही आहे. ताई ४६ च्या आहेत, डेन्सिटी सी आहे, पॉम्बमधल्या बायकांच्या वयोगटात बसतात. मी दोघांपैकी कुणालाही चूक म्हणणार नाही.

पण एक गोष्ट पक्की धरा. २००८ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात साधारण १६ टक्के बायकांमध्ये एमआरआयने त्याच स्तनात आणखी आजार दाखवला जो आधी माहीत नव्हता. पण एमआरआयने "आणखी काहीतरी आहे" म्हटलेल्या दर तिघींपैकी एकीला तो डाग साधाच निघाला. म्हणून एमआरआयमध्ये नवीन डाग आला तर आधी त्याची बायोप्सी, मगच ऑपरेशनचा बेत बदलायचा. नुसत्या फिल्मवरून पूर्ण स्तन काढायला होकार देऊ नका. पहिली पायरी म्हणजे एमआरआय समोर ठेवून तीच जागा पुन्हा सोनोत शोधायची, याला सेकंड लुक म्हणतात, सापडली की सोनोतच सुई. सोनोत नाहीच सापडली तर एमआरआयमध्येच सुई घालायची सोय लागते आणि ती फार थोड्या ठिकाणी असते. म्हणून एमआरआय करायच्या आधीच सेंटरला विचारा, ब्रेस्ट कॉइल (स्तनाच्या एमआरआयसाठीचा खास खाचांचा भाग) आहे का आणि डाग निघाला तर बायोप्सी कोण, कुठे करणार.

सर्जनना विचारायचा प्रश्नही हाच आहे खरं तर. "डॉक्टर, यात काही निघालं तर ऑपरेशनमध्ये काय बदलाल, आणि नाही निघालं तर काय बदलाल?" दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती तपासणी कशाला करायची.

सातपूरकर

फिल्मवाली मॅडम, छान लिहिलंत. आमच्या घरचा अनुभव सांगतो, एमआरआय कुठे उपयोगी पडला त्याचा. मिसेसचा प्रकार लोब्युलर होता. मॅमोत गाठ म्हणून गाठ नव्हतीच, नुसतं तिथलं टिश्यू ओढल्यासारखं दिसत होतं, सोनोत १४ मिमीची काळी सावली. डॉक्टरांनी समजावलं की या प्रकारात पेशी एकामागे एक रांगेने पसरतात, गोळा होत नाहीत म्हणून मॅमोला सापडत नाहीत, इथे एमआरआय करायचाच. एमआरआयमध्ये तो भाग ४ सेंटिमीटरच्या वर निघाला, दोन ठिकाणी बायोप्सी केली, दोन्ही पॉझिटिव्ह. मग स्तन पूर्ण काढायचा निर्णय झाला आणि पॅथॉलॉजीत माप जवळपास तेवढंच आलं. एमआरआयशिवाय आधी थोडं काढलं असतं, कडा पॉझिटिव्ह आल्या असत्या आणि परत ऑपरेशन. तेव्हा बायोप्सी रिपोर्टमध्ये डक्टल आहे की लोब्युलर हे नीट बघा, सगळं त्यावर फिरतं.

फिल्मवाली

बरोबर. लोब्युलर, बीआरसीए जीनमध्ये दोष (म्हणजे आनुवंशिक धोका) असलेल्या बायका, काखेत कॅन्सरची गाठ आहे पण स्तनात मॅमो-सोनोत काहीच सापडत नाही, निपलचा पॅजेट आजार (निपलच्या त्वचेत पसरणारा कॅन्सर), आणि ऑपरेशनआधी केमो द्यायची असेल तर. या ठिकाणी एमआरआयबद्दल फारसा वाद नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव

मी म्हणतो एवढ्या तपासण्या कशाला? पूर्ण काढून टाका, काळजी मिटली. आमच्या आत्याने तेच केलं, आज ठणठणीत आहे.

पंचवटीची_मावशी

दादा, आत्या बऱ्या आहेत ऐकून खूप बरं वाटलं. पण पूर्ण काढलं म्हणून जास्त जगतो असं नाही हो. मला हे माझ्या डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं होतं. अमेरिकेत आणि इटलीत मिलानला ७० च्या दशकात ट्रायल सुरू झाल्या, एका गटात पूर्ण स्तन, एका गटात फक्त गाठ आणि रेडिएशन, आणि २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये निकाल छापले, जगण्यात फरक नाही. त्याच स्तनात पुन्हा येण्याचं प्रमाण गाठ काढलेल्यांत थोडं जास्त होतं, ते खरं, पण जीव वाचायच्या बाबतीत दोन्ही सारखं. ज्या बाईला पूर्ण काढून टाकूनच शांत वाटणार असेल तिने खुशाल काढावा, तो तिचा हक्क आहे. पण ते ती ठरवेल, घरच्यांनी घाईत नाही.

माझं स्वतःचं गाठ काढून रेडिएशन झालं. माझ्या वेळी हाताला गाठ नव्हती, फक्त कॅल्शियमचे कण. ऑपरेशनच्या सकाळी मॅमो मशीनवर बसवून एक बारीक तार आत सोडली, टोकाला हुकासारखं वळण असतं म्हणजे ती सरकत नाही, बाहेरचं टोक पट्टीने चिकटवलं आणि तशीच ओटीला नेलं. सर्जनने तारेच्या मागोमाग जाऊन तेवढा भाग काढला आणि तो काढलेला तुकडा लगेच एक्सरेला पाठवला, कण त्यात आलेत का बघायला. आलेत असं कळल्यावरच टाके घातले. हे सगळं मॅमोमुळे. कणांचा आजार असेल तर सोनोवाल्याच्या "सगळं नॉर्मल"वर विसंबू नका एवढंच सांगते.

ओझरची_लेक

मध्येच विचारते, आमच्या सोसायटीत थर्मल कॅमेऱ्याचा कॅम्प आहे, दाबायचं नाही, किरण नाहीत असं सांगतायत. मॅमोऐवजी ते केलं तर?

फिल्मवाली

ऐवजी नाही. थर्मोग्राफी त्वचेची उष्णता मोजते, आतला कॅल्शियमचा कण तिला कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट बजावलंय की ती मॅमोची जागा घेऊ शकत नाही. आणि किरणांची भीती मनातून काढा, दोन्ही बाजूंच्या मॅमोचा डोस साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला सुमारे सात आठवड्यांत असाही मिळतो तेवढा. गाठ लागलेल्या बाईने तर थर्मलच्या रिपोर्टवर एक दिवसही थांबू नये.

मेनरोडकर

कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीबद्दल कुणीच लिहिलं नाही? मुंबईत वहिनीची केली होती.

फिल्मवाली

लिहायचंच होतं. सीटीला देतात तसलं आयोडीनचं औषध शिरेतून देऊन साधारण दोन मिनिटांनी नेहमीसारखे मॅमोचे फोटो, फक्त प्रत्येक फोटो कमी आणि जास्त अशा दोन शक्तींवर. कॉम्प्युटर दोन्ही एकत्र करून ग्रंथींचा पांढरेपणा काढून टाकतो आणि औषध शोषलेली जागा तेवढी उरते. पकडण्याची ताकद एमआरआयच्या जवळपास, वेळ कमी, कॅल्शियमचे कणही त्याच बैठकीत दिसतात. बंद नळीत घुसमटणाऱ्या किंवा पेसमेकरवाल्या बाईला हा चांगला पर्याय. आयोडीनची अॅलर्जी किंवा किडनी कमजोर असेल तर मात्र जपून, आणि छातीच्या भिंतीलगतचा, काखेच्या आतला भाग एमआरआयइतका येत नाही. मशीन सगळीकडे नाही, फोनवर विचारूनच जा.

सिन्नरची_सई

माझ्या बहिणीची केस वेगळी होती, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह), आधी केमो मग ऑपरेशन. त्यांना एकच सांगायचंय, केमो सुरू व्हायच्या आधी गाठीत क्लिप घालून घ्या. तांदळाच्या दाण्याहून छोटी धातूची खूण असते. केमोने गाठ विरघळली (विरघळावीच!) की सर्जनला कापायचं कुठे हे कळायला ती क्लिपच असते. बहिणीच्या वेळी शेवटच्या एमआरआयमध्ये काहीच उजळलं नाही, फक्त क्लिप दिसत होती, आणि त्या जागेवरून सर्जनने काढलं. केमोने किती फरक पडला हे बघायला एमआरआय सगळ्यात चांगला असं तिथे सांगितलं होतं, कारण मॅमोत कॅल्शियमचे कण गाठ मेल्यावरही तसेच राहू शकतात.

जुने_नाशिककर

खर्चाबद्दल. महात्मा फुले योजनेत बसणाऱ्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, तपासण्या बाहेर पैसे भरून करायच्या आधी त्याला भेटा, कुठलं पॅकेजमध्ये येतं ते विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. आणि मुंबईला टाटाला दुसरं मत घ्यायचं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून परळ जवळच. नुसते रिपोर्ट नेऊ नका, मॅमो आणि एमआरआयच्या सीडी न्या, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून सही करून घ्या, ते तिथे पुन्हा तपासतात.

पळसफूल

सगळ्यांचे मनापासून आभार, आता पुढचं सांगते.

फिल्मवाली ताई, तुमचा तो प्रश्न दोन्ही सर्जनना विचारला. पहिले म्हणाले माझा बेत बदलणार नाही. दुसरे म्हणाले वय आणि डेन्सिटी बघता दुसरी गाठ निघाली तर मी जास्त भाग काढेन आणि विरुद्ध बाजूही एकदा बघून होईल, मॅमो स्वच्छ असलेल्या शंभरात तिघींना तिथेही कॅन्सर निघतो. ताईंनी स्वतः ठरवलं, एमआरआय करायचा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी तपासलं. पालथं झोपवलं, छाती कॉइलच्या दोन खाचांमध्ये, कानात कापूस, मध्येच शिरेत थंडगार औषध. आवाजाचा त्रास झाला पण निभावलं.

मूळ गाठ १९ मिमी. उजवी बाजू स्वच्छ. पण डाव्या बाजूलाच, मूळ गाठीपासून साडेतीन सेंटिमीटरवर, ६ मिमीचा आणखी एक डाग. रिपोर्ट हातात आला तेव्हा घरात सगळेच गप्प झाले आणि एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर लगेच सांगितलं की आता पूर्ण काढा. आम्ही बायोप्सी होईपर्यंत थांबायचं ठरवलं. सेकंड लुक सोनोत ती जागा सापडली, घड्याळाच्या दोनच्या काट्यावर, सुई घातली. काल रिपोर्ट आला, फायब्रोअॅडेनोमा. साधी गाठ. स्तन वाचतोय, काखेतून सेंटिनेल गाठ (कॅन्सर पसरला तर सगळ्यात आधी जिथे पोचेल ती लसिका गाठ) काढून तपासणार आहेत, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

पंचवटीची_मावशी

देवा! खूप खूप बरं वाटलं. ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम विचारून घ्या, खांदा आखडतो.

ओझरची_लेक

माझी आई कॅम्पला गेली नाही, मॅमोची वेळ घेतलीये.

सातपूरकर

अभिनंदन. पॅथॉलॉजी रिपोर्ट आला की 'मार्जिन' या शब्दासमोर काय लिहिलंय ते बघा. शाई लावलेल्या कडेला कॅन्सरची पेशी टेकलेली नसली की पुरेसं असतं, अमुक इतके मिमी हवेतच असं आता नाही, २०१४ पासून तसंच धरतात.

फिल्मवाली

इन्व्हेजिव्ह प्रकारासाठी हो. नुसता नळीतला आजार असेल तर २ मिमी धरतात. पळसफूल, बायोप्सी केलेल्या त्या ६ मिमीच्या जागेची नोंद आणि एमआरआयची सीडी जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या मॅमोला घेऊन जा. नाहीतर नवीन रेडिओलॉजिस्ट तोच डाग बघून पुन्हा सुई घालायला सांगेल.

पळसफूल

ठेवते. फाइलच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवते, डावा, दोन वाजता, ६ मिमी, फायब्रोअॅडेनोमा.